डॉब्सोनियनला मोटर नाही, मग फोटो कसे काढायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमचे आक्षेप तीन. मी पहिली दुर्बीण म्हणून ६ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) सुचवली, पण तिला मोटर नसल्याने फोटो निघत नाहीत. तेवढ्याच पैशात मोटर लावलेल्या विषुववृत्तीय माउंटची (ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या अक्षाभोवती ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीची) दुर्बीण येते आणि तिच्यावर पाहणं-फोटो दोन्ही भागतं. आणि वावरात रात्री लाइटचा भरवसा नसतो, त्यावर एक ओळही नाही.

पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. ६ इंची डॉब्सोनियनचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) साधारण १२०० मिमी. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर एका पिक्सेलवर आकाशाची जेमतेम ०.७ विकला मावते. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो, म्हणजे एका सेकंदात वीसहून जास्त पिक्सेल. म्हणून १/२० सेकंदापुढे गेलात की ताऱ्याची रेघ होते. मंद तेजोमेघांना (आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांना) लांब एक्स्पोजर लागतं, ते इथेच बाद.

चंद्र मात्र बाद होत नाही. पौर्णिमेच्या चंद्राला f/८ वर (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, या दुर्बिणीचं तेवढंच) आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० ठेवून १/१२५ ते १/२०० सेकंद पुरतो; अष्टमीच्या चंद्राला आयएसओ वाढवा. अडचण निघते ती वेगळ्याच ठिकाणी. डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) लावून फोकसर, म्हणजे फोकस साधायची सरकती नळी, पूर्ण आत फिरवला तरी चंद्र स्पष्ट होत नाही, आणि लोक दुर्बिणीलाच दोष देतात. कॅननच्या डीएसएलआरचा सेन्सर लेन्स बसते त्या कड्याच्या ४४ मिमी मागे असतो, त्यात टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्याचे) ११ मिमी मिळवा. डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या डॉब्सोनियनची प्रतिमा नळीच्या बाहेर एवढ्या लांब येतच नाही. मध्ये २ पटीचं बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) टाकलं की ती बाहेर ढकलली जाते. पण मग नाभीय अंतर २४०० मिमी होतं, चंद्राची प्रतिमा २२ मिमीच्या घरात जाते आणि एपीएस-सी सेन्सरवर (बहुतेक स्वस्त डीएसएलआरमधला लहान सेन्सर) मावत नाही. दोन-तीन तुकडे काढून जोडावे लागतात. एक्स्पोजरही चौपट. सुरुवातीला २५ मिमीच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) फोनचा क्लॅम्प लावणं सरळ पडतं. गुरू-शनीचा व्हिडिओ घ्यायचा, ग्रह चौकटीतून सरकू द्यायचा, मग पीआयपीपीमध्ये फ्रेम मध्यावर आणून ऑटोस्टॅकर्टमध्ये एकावर एक रचायच्या. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

दुसरा आक्षेप मला अजिबात पटत नाही. त्या किमतीत येणाऱ्या विषुववृत्तीय माउंटचे पाय पोकळ अ‍ॅल्युमिनियमचे असतात, मोटर एकाच अक्षाला असते, गिअर एकसारखे चालत नाहीत. फोटोसाठी माउंटवर त्याच्या क्षमतेच्या निम्माच भार असावा असा जुना दंडक आहे. इथे नळीच जवळपास सगळी क्षमता खाते. वाऱ्याची एक झुळूक आली की फ्रेम वाया. त्यात आपल्या अक्षांशाची गोष्ट आहेच. ध्रुवतारा गडचिरोलीला क्षितिजावर जेमतेम २० अंश, अमरावती-नागपुरात २१. धुऱ्यावरची एक बाभूळ त्याला झाकायला पुरते. माउंट इतका खाली झुकवला की वजनाचा दांडा तिवईच्या पायावर आपटू शकतो, तेव्हा विकत घेण्याआधी दुकानातच २० अंशावर लावून अक्ष पूर्ण फिरवून पाहा. आणि ध्रुवतारा शोधायला नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी शोधू नका, ते क्षितिजाखाली असतात, शर्मिष्ठेवरून जा.

म्हणून माझा आग्रह तोच: पाहायला डॉब्सोनियन, फोटोला वेगळा कॅमेरा. पैसे साठले की कॅमेरा आणि लेन्स पेलणारा, ताऱ्यांमागे फिरणारा छोटा स्टार ट्रॅकर. तोवर साधी तिवई आणि ५० मिमी f/१.८ लेन्स यांवरही मृगातला तेजोमेघ येतो. नेहमीच्या ‘५०० भागिले नाभीय अंतर’ या सूत्राने कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर (तिथे ५० मिमी लेन्स ८० मिमीची धरतात) ६ सेकंद मिळतात, पण ते सूत्र आजच्या बारीक पिक्सेलला सैल पडतं. तारे अंड्याच्या आकाराचे होतात. २ सेकंद ठेवा. f/२.५, आयएसओ ३२००, फाइल रॉ, ऑटोफोकस बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद. व्याधाचा तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून फोकस साधा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा, हा टप्पा टाळलात तर पुढचं सगळं फुकट. मग इंटरव्हॅलोमीटरने (ठराविक वेळाने आपोआप फोटो काढणाऱ्या रिमोटने) ३०० फ्रेम, म्हणजे एकूण १० मिनिटांचा प्रकाश. शेवटी तिथेच, त्याच सेटिंगवर, लेन्सला झाकण लावून २०-२५ डार्क फ्रेम. घरी येऊन डार्क घेतले तर तापमान बदललेलं असतं आणि नॉइज नीट वजा होत नाही. रचायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही फुकट.

डिसेंबरात ओलीत केलेल्या गव्हाच्या वावरात बसू नका, तासाभरात लेन्सवर दव धरतं. पडीक, थोडी उंच जागा बघा. सिमेंटचा स्लॅबही नको, तो रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि ग्रह उकळत असल्यासारखे दिसतात. पऱ्हाटी जाळायचे दिवस असले की अंधार कितीही असो, धुराने पार्श्वभूमी राखाडी होते. नागपूरकरांना पेंच जवळ आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेलं आपलं वावरही काही कमी नाही: मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २२ अंशांवर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून लक्ष्यांची यादी करू नका.

आता लाइट. १२ व्होल्टचा मोठा माउंट पुढे कधी घेतलात तर बॅटरीवाल्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी चालते. मात्र पिनच्या मधल्या टोकाला धन आहे की ऋण, हे मल्टिमीटरने आधी तपासा. उलटं जोडलं की बोर्ड जळतो. बहुतेक छोटे ट्रॅकर ५ व्होल्टवर चालतात, त्यांना पॉवर बँक पुरते. एक खोड लक्षात ठेवा: ट्रॅकर इतका थोडा करंट ओढतो की काही पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात, आणि ते तुम्हाला लांब झालेल्या ताऱ्यांवरूनच कळतं. त्याच पॉवर बँकेला लेन्सभोवती गुंडाळायची यूएसबी हीटर पट्टी लावा. बँक चालू राहते आणि दवही धरत नाही.