शापुरजी सकलातवाला ‘पक्षबदलू’ होते काय?

सप्रेम नमस्कार.

शापुरजी सकलातवाला यांच्यावरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपल्या म्हणण्याचा सारांश असा की, जमशेटजी टाटांचा हा भाचा मामाच्या पुण्याईवर विलायतेत पोहोचला, लिबरल वर्तुळातून मजूर पक्षात आणि तिथून कम्युनिस्टांत सोयीने उड्या मारत ब्रिटिश संसदेत खासदार झाला, आणि मी मात्र त्याला देव्हाऱ्यात बसवले. यातला एक आक्षेप मला मान्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

आई जेरबाई जमशेटजींच्या भगिनी होत्या आणि १९०५ मध्ये शापुरजी इंग्लंडला गेले ते टाटांच्याच नोकरीत, हे मी नाकारलेले नाही. मात्र त्याआधी मुंबईच्या प्लेगमध्ये त्यांनी प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या कामाला हातभार लावला होता आणि पुढे बिहार-ओरिसाच्या रानांत लोखंड-कोळशाचा शोध घेत हिंडताना हिवतापाने प्रकृती खालावून घेतली होती. मामाच्या पुण्याईत एवढी पायपीट सहसा नसते.

पक्षांतराबद्दल मात्र आपला हिशेब मला उलटा वाटतो. संधिसाधू पक्ष बदलतो तो पदरात काही पडावे म्हणून. हे गृहस्थ १९०९ मध्ये मजूर पक्षाशी संलग्न इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले आणि १९२१ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या कम्युनिस्ट पक्षात. १९२२ साली मजूर पक्षाच्या पाठिंब्याने ते लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून निवडून आले, १९२३ मध्ये अवघ्या १८६ मतांनी पडले. पुढच्या वर्षी मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी देण्यास नकार दिला, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा देणे एवढाच सोयीचा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. कम्युनिस्ट म्हणूनच उभे राहिले आणि ५४२ मतांनी जिंकले. १९२५ मध्ये टाटांची नोकरीही सोडली. मे १९२६ मध्ये, सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणाबद्दल न्यायालयाने त्यांना चांगल्या वर्तणुकीचा जामीन किंवा दोन महिने कैद असा पर्याय दिला, तेव्हा विद्यमान खासदार असूनही त्यांनी जामीन नाकारला आणि ते वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात गेले. याला सोय म्हणायचे असेल, तर सोयीची व्याख्याच बदलावी लागेल.

नवजोतीचा, म्हणजे मुलांना पारशी धर्माची दीक्षा देण्याच्या विधीचा, मुद्दा आपण ढोंगाचा पुरावा म्हणून दिलात. १९२७ मध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाच मुलांची नवजोत केली आणि त्यांच्या पक्षाने जाहीरपणे कान उपटले, हे खरे. पण त्या मुलांची आई सारा मार्श ही इंग्रज, लग्नापूर्वी मॅटलॉकच्या एका हॉटेलात वाढपी होती. अशा मुलांना पारशी धर्मात घेणे हे त्या काळी समाजालाही सहज पचणारे नव्हते. एकाच समारंभाने पक्ष आणि समाज अशा दोघांची नाराजी ओढवून घेणाऱ्याला विसंगत म्हणा, हवे तर हट्टी म्हणा. ढोंगी म्हणणे मला जमणार नाही. (ढोंग करणारा लंडनच्या मधोमध सभागृह भाड्याने घेत नाही.)

आता मान्य असलेला आक्षेप. बॅटर्सीची मते ‘त्यांची स्वतःची’ होती, असे मी लिहिले, ते चूक. त्या विजयामागे तिथल्या मजूर संघटनांची फळी होती आणि त्यांचे निवडणूक प्रतिनिधी होते जॉन आर्चर, १९१३ मध्ये बॅटर्सीचे महापौर झालेले कृष्णवर्णीय नेते, ज्यांचा माझ्या लेखात उल्लेखही नाही. १९२९ मध्ये शापुरजी कम्युनिस्टांच्या नव्या धोरणानुसार मजूर पक्षाविरुद्धच लढले. आर्चर त्या वेळी मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार सँडर्स यांच्या बाजूला होते, आणि शापुरजींची मते पंधरा हजारांवरून साडेसहा हजारांवर आली. मूळ लेखातले ते वाक्य काढून आर्चर यांच्यावर एक परिच्छेद आज जोडत आहे.