मालिकेत गेली म्हणजे वाया गेली?

रंगभूमीवर नाव कमावलेली एखादी अभिनेत्री रोजच्या मालिकेत दिसायला लागली की आपल्याकडे एक ठरलेला सूर लागतो: एवढी मोठी नटी आणि हे काय करत बसलीय! परवा पुण्याच्या मावशीशी फोनवर बोलताना तोच सूर ऐकला आणि नाव निघालं रोहिणी हट्टंगडी यांचं. ‘कस्तुरबा करून ब्रिटनचं बाफ्ता पारितोषिक आणलेल्या बाईनं वर्षानुवर्षं सासू व्हायचं?’ मावशीचा हा सवाल कळकळीचा होता, म्हणूनच तो डोक्यातून जाईना.

मी लंडनला, हॅरोत राहते. ‘गांधी’ (१९८२) पाहिलेल्या इथल्या माणसांना रोहिणीताई आजही कस्तुरबा म्हणूनच आठवतात. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमातला प्रसंग आहे. संडास साफ करायला कस्तुरबा नकार देते, गांधीजी संतापून तिला दाराकडे ओढतात, ती त्यांना लाज आणते. राग ओसरतो आणि ती साध्या आवाजात सांगते की आता मला ते काम करायला जायचंय. तिने हार मानलेली नसते. आतून काहीतरी ठरवलेलं असतं आणि ते फक्त चेहऱ्यावर दिसतं. त्या भूमिकेला १९८३ साली सहायक अभिनेत्रीचं बाफ्ता मिळालं, अमेरिकेच्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. त्याच काळात ‘अर्थ’मधली मोलकरीण आली, मग ‘सारांश’मधली मुलगा गमावलेली आई, ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कार. आणि १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या, जे वयाने त्यांच्यापेक्षा मोठे आहेत! ज्यांना वाया जाण्याबद्दल बोलायचंय, त्यांनी इथून सुरुवात करावी. त्या वाया गेल्या असतील तर ते मालिकेने केलं नाही. तिशीतल्या बाईला पांढरी बट लावून बाजूला बसवणाऱ्या सिनेमाने ते आधीच केलं होतं.

उलट २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासची बाई कथेच्या मधोमध उभी राहिली. रोहिणीताईंची आशालता देशमुख रोज संध्याकाळी घराघरात आली, ती अकरा वर्षं. तिच्या होकार-नकारावर कथानक फिरत होतं. त्या वयाच्या बाईला मराठी सिनेमात तेव्हा असं स्थान कोण देत होतं?

पण मावशीचं दुखणं खोटं नाही, आणि ते मला इथल्या टीव्हीमुळे नीट कळलं. ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी बीबीसीवर ‘ॲज टाइम गोज बाय’ ही घरगुती विनोदी मालिका १९९२ ते २००५ केली. त्याच वर्षांत त्या बाँडपटांत गुप्तहेर खात्याची प्रमुख ‘एम’ झाल्या, ‘मिसेस ब्राउन’मध्ये व्हिक्टोरिया राणी झाल्या, १९९९ साली ऑस्कर घेऊन आल्या आणि परत येऊन त्या मालिकेच्या दिवाणखान्यात बसल्या. ही त्यांची उतरण आहे असं इथे कुणाला वाटलं नाही. हेलन मिरेन यांचंही तेच, ‘प्राइम सस्पेक्ट’ या पोलीस मालिकेने त्यांची उंची वाढवली.

आता आकडे बघा. डेंच यांच्या मालिकेचे तेरा वर्षांत सत्तरसुद्धा भाग झाले नाहीत आणि ते बॉब लार्बी या एकाच लेखकाने लिहिले. ‘चार दिवस सासूचे’चे अकरा वर्षांत तीन हजारांवर भाग झाले. खरा फरक इथे आहे. आज शूट केलेला भाग दोन-तीन दिवसांत टेलिकास्ट होणार, आगाऊ शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा संपत आलेला, सीन सेटवर हातात पडणार, टीआरपी घसरला की ट्रॅक बदलणार. अशा घाण्यात कस्तुरबा करणाऱ्या बाईनेही तोच क्लोजअप किती वेळा नवा करायचा? तरी त्या करत राहिल्या, याचं मला मनापासून कौतुक आहे.

इंग्लंडचे गोडवे गाण्याचाही माझा विचार नाही. टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या लायसन्स फीवर चालणाऱ्या बीबीसीला सहा भागांवर थांबणं परवडतं. आणि बाफ्ता दिलं म्हणून इथल्या उद्योगाने रोहिणीताईंना आपलंसं केलं असंही नाही. त्यांची पुढची कारकीर्द भारतातच घडली. डेंच यांच्यासाठी इथे भूमिका लिहिल्या गेल्या. तशी साडीतली प्रौढ बाई मध्यभागी ठेवून इथे किती लिहिलं जातं, हे इथे राहणाऱ्या आम्हा बायकांना चांगलं ठाऊक आहे.

२०२३ साली ‘बाईपण भारी देवा’मध्ये सहा बहिणींतली थोरली, जया, त्यांनी केली. सत्तरीच्या घरातली बाई मंगळागौरीच्या खेळात उतरली आणि बायका घोळक्याने थिएटरात गेल्या. म्हणजे प्रेक्षक आहे. म्हणून मावशीला मी सांगितलं, राग रोहिणीताईंवर काढू नकोस, वाहिन्यांकडे मागणी कर. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका आपणच पाहिल्यात ना? आठवड्याला एक भाग, एक लेखक, आधी पूर्ण लिहिलेली संहिता, आणि मध्यभागी रोहिणी हट्टंगडी, नीना कुळकर्णी किंवा वंदना गुप्ते. हे मराठीत व्हायला हवं, आणि त्या काम करताहेत तोवर व्हायला हवं.