श्रद्धेने वाट सोपी केली की रहस्यकथा संपते

भक्ती, प्रेम आणि रहस्य या तीन गोष्टी एकाच कादंबरीत एकत्र नांदवण्याचा प्रयत्न मी काही वर्षे करते आहे. साताऱ्यातल्या वाचकमंडळींत त्याबद्दल बोलणे निघाले की बहुतेक वेळा एकच शंका पुढे येते. ज्याचा देवावर पूर्ण विश्वास आहे अशा माणसाच्या गोष्टीत धाकधूक उरणार कुठून? शेवटी पांडुरंग सांभाळून घेणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. ही शंका रास्त आहे, कारण आपल्याकडच्या पुष्कळ भक्तिप्रधान कथांनी आणि चित्रपटांनीच तिला खतपाणी घातले आहे. नायिका संकटात सापडते, गाभाऱ्यात जाऊन टाहो फोडते, घंटा आपोआप वाजू लागतात आणि पाठलाग करणाऱ्याचा पाय नेमका त्याच क्षणी घसरतो. असे एकदा झाले की पुढची पाने वाचण्याचे कारण उरत नाही, आणि माझ्या मते त्या नायिकेची श्रद्धाही तिथेच संपते, कारण तिला श्रद्धेपायी काहीच मोजावे लागलेले नसते.

माझे म्हणणे असे आहे की श्रद्धा ही कथेत पात्राची सुटका करण्यासाठी येऊ नये, त्याच्यापुढची सोपी वाट बंद करण्यासाठी यावी. ज्याला केवळ जीव वाचवायचा आहे त्याला खोटे बोलता येते, पळून जाता येते, साक्ष फिरवता येते, सूड घेता येतो. ज्याने देवाला साक्ष ठेवून काही कबूल केले आहे त्याच्यापुढचे हे सगळे दरवाजे एकेक करून लागत जातात, आणि उरतो तो नेमका सर्वांत धोक्याचा. कथेतला ताण तिथून येतो. देव वाचवणार आहे की नाही हा प्रश्न मला लेखक म्हणून फार महत्त्वाचा वाटत नाही. हा माणूस देवाला दिलेला शब्द कुठपर्यंत पाळणार, आणि त्याची किंमत कोण भरणार, हा प्रश्न मात्र वाचकाला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवू शकतो.

अमेरिकेत या प्रकारच्या लेखनाला ख्रिस्ती प्रकाशनव्यवसायात स्वतंत्र स्थान आहे. हार्लेक्विनसारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्यासाठी ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ नावाची वेगळी मालिका चालवली. तिथल्या कादंबऱ्या साधारण 55 हजार शब्दांच्या आसपास असतात. प्रेम, जिवावरचा धोका आणि पात्राचा श्रद्धेचा प्रवास हे तीन धागे सारखेच बळकट असावेत आणि शारीरिक जवळिकीची उघड वर्णने नसावीत, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यातली शिस्त मला मोलाची वाटते. तीन धाग्यांपैकी एक काढून घेतला तर उरलेले दोन उभे राहता कामा नयेत, ही कसोटी मी माझ्या प्रत्येक प्रकरणाला लावते. पण तिथला साचा उचलून त्यात चर्चच्या जागी मंदिर बसवले की मराठी कादंबरी झाली, असे होत नाही. त्या कथांतली श्रद्धा बहुतेक वेळा एकट्या माणसाचे देवाशी असलेले नाते असते. ते नाते तुटते, दुरावते आणि शेवटी पुन्हा जुळते. आपल्याकडे श्रद्धा घरात असते, गावात असते, गळ्यातल्या माळेत आणि एकादशीच्या स्वयंपाकात असते. ती कुणी एकटा सोडू म्हणाला तरी चार माणसे विचारायला येतात. म्हणून आपल्या कथेतला पेचही चारचौघांसमोर उलगडावा लागतो.

सध्या मी जी कादंबरी लिहिते आहे तिची नायिका लोणंदजवळच्या एका गावातली, माळ घातलेली शिक्षिका आहे. तिचे ज्याच्याशी लग्न ठरत आले आहे तो त्यांच्याच दिंडीत मृदंग वाजवतो. त्याच्या थोरल्या भावाने रात्रीच्या वेळी फलटण रस्त्यावर एका माणसाला गाडीखाली घालून अपघाताचा बनाव रचला, आणि ते पाहणारी ती एकटीच आहे. तिने गप्प राहावे एवढीच सर्वांची अपेक्षा आहे. खोटे बोल असे तिला कुणीही सांगत नाही, फक्त ‘अंधारात नीट दिसले नाही’ एवढे म्हण, असे प्रेमाने सुचवले जाते. ज्याच्या गळ्यात माळ नाही त्यालाही हा पेच पडेलच, सचोटी काही माळकऱ्यांची मिरासदारी नाही. पण माळ घालणे म्हणजे मांस आणि मद्य सोडणे एवढेच नव्हे, खोटे बोलायचे नाही हेही त्यात आले, असे तिला लहानपणापासून घरात शिकवलेले आहे. खोटी साक्ष द्यायची तर आधी माळ उतरवावी लागेल, आणि ती उतरवली तर सकाळी अंगणातच सासू होऊ घातलेल्या बाईच्या लक्षात येईल. श्रद्धा इथे भावना म्हणून राहत नाही, ती कथानकातला पुरावा होऊन बसते.

अशा कथेत कायद्याची बाजू हलगर्जीपणे लिहून चालत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 180 खाली पोलीस साक्षीदाराचा जबाब नोंदवतात आणि त्यावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, तर कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब देताना शपथ घ्यावी लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमे 161 आणि 164 या क्रमांकांनी होती, आणि आजही पुष्कळ कथांत जुनेच क्रमांक चालू आहेत. माझ्या दृष्टीने हा फरक तपशिलापुरता नाही. ठाण्यात ‘नीट दिसले नाही’ असे बोलून बसलेल्या मुलीला दंडाधिकाऱ्यांसमोर शपथ घ्यायची वेळ येते, तेव्हा तिच्याच आधीच्या शब्दांना खोटे ठरवावे लागते. 1969 च्या शपथ अधिनियमाप्रमाणे ईश्वरसाक्ष शपथ घेता येते, किंवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. जी मुलगी रोज हरिपाठ म्हणते ती त्या क्षणी दोन्हींतले काय निवडते, एवढ्या एका गोष्टीवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि ते पाठलागाच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा मला अधिक थरारक वाटते.

आता वारीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण रहस्यकथेला लागणारे सगळे सामान आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी चालत जाते आणि आपले लेखक तिचा उपयोग फक्त पार्श्वभूमी म्हणून करतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरा नदीत स्नान झाले की पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम, पुढे चांदोबाचा लिंब इथले पहिले उभे रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड आणि त्यापुढे सोलापूर जिल्हा. एवढ्या अफाट गर्दीत माणूस हरवणे सोपे असेल, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात दिंडीतला माणूस लपून राहूच शकत नाही. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे शेकड्यांनी, आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरलेल्यांची नावे वहीत असतात. पताका घेणारे, टाळकरी, मृदंग, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, अशी ज्याची त्याची जागा ठरलेली असते. एखादा मृदंगवाला सकाळच्या चालीत जागेवर नसेल तर ते डोळ्यांआधी कानाला कळते. गुन्हेगाराला दडायला दिंडीसारखी वाईट जागा नाही, आणि शोध घेणाऱ्याला तिच्याइतकी चांगली जागा नाही.

त्यातही समाजआरतीची वेळ मला विशेष मोलाची वाटते. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात. त्यासरशी हजारो टाळ एकदम थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात, आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. त्या सगळ्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ वाजत आहेत, आणि ती नायिकेची दिंडी आहे, एवढे लिहिले की आणखी काही सजवावे लागत नाही. कोण गाऱ्हाणे मांडणार आहे, कशाबद्दल, आणि पुकारलेल्या वस्तूंत त्या रात्रीच्या गाडीची किल्ली तर नाही ना, हे सगळे प्रश्न वाचकाच्या मनात एकाच वेळी उभे राहतात. यात एकही चमत्कार नाही. परंपरेनेच घालून दिलेली ही पद्धत आहे, आणि तिच्याइतका चोख प्रसंग मला टेबलाशी बसून कल्पनेने रचता आला नसता.

प्रेमाच्या धाग्यालाही वारीतच जागा सापडते. तिथे लहानमोठे, बाई-पुरुष न पाहता एकमेकांच्या पाया पडतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला माउली म्हणतो. ज्याच्याशी लग्न व्हायचे आहे त्याच्या पायांना हात लावताना त्या मुलीच्या मनात काय उमटेल, हे एका वाक्यात सांगता येते आणि त्यात कसलाही आडपडदा राहत नाही. पण त्याच रांगेत पुढचे पाय त्याच्या थोरल्या भावाचे असतात, आणि तो तिच्याआधी वाकून तिला माउली म्हणतो. हा प्रसंग लिहिताना मला पुष्कळ वेळ थांबावे लागले. तो माणूस ढोंगी आहे असे दाखवणे सोपे होते. तोही खरोखरच वारकरी आहे, त्याचेही डोळे खरोखरच भरून येतात आणि तरीही त्याने ते कृत्य केले आहे, असे लिहिणे अवघड होते, आणि तेच मला खरे वाटते. स्पर्शावर मर्यादा असलेल्या प्रेमकथा मिळमिळीत असतात असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. जिथे हात हातात घेणेसुद्धा मोठी गोष्ट असते तिथे तो हात ऐन वेळी मागे घेतला गेला, तर वाचकाला धक्का बसतो.

रचनेच्या दृष्टीने मला सर्वांत अधिक छळणारी गोष्ट प्रार्थना ही आहे. रहस्यकथेत पात्र काही ना काही दडवून ठेवते, वाचकापासूनसुद्धा. पण श्रद्धाळू पात्र देवापुढे उभे राहिले की त्याला दडवता येत नाही, कारण ज्याला सगळे ठाऊक आहे त्याच्याशी खोटे बोलण्यात अर्थच नसतो. मग ज्या नायिकेने मोबाइलमधले छायाचित्र पुसून टाकले आहे तिची सायंप्रार्थना मी वाचकाला ऐकवली तर रहस्य तिथेच फुटते, आणि ऐकवली नाही तर एवढ्या भाविक मुलीने संकटात देवाकडे पाठ का फिरवली असा संशय येतो. पुष्कळ लेखक इथे ‘देवा, मला मार्ग दाखव’ अशी गुळगुळीत प्रार्थना घालून वेळ मारून नेतात. वाचकाला ती फसवणूक कळते. मला सापडलेला मार्ग असा की ती प्रार्थना टाळू लागते, आणि तिचे हे टाळणेच वाचकाला दिसू द्यायचे. तिचा हरिपाठ चालू राहतो, पण ती दिवा लावायला धाकट्या बहिणीला पाठवते. दोन-तीन प्रकरणांनंतर आईच्या ते लक्षात येते. मग ती ज्या दिवशी स्वतः देवघरात जाऊन बसते त्या दिवशी कबुली होणार हे वाचक ओळखतो, आणि त्या प्रकरणाची वाट पाहतो.

साताऱ्यात बसून श्रद्धेची कथा लिहिणाऱ्याला अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. त्यांचा जन्म याच गावातला आणि काम याच गावातून उभे राहिले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्यानंतर त्याच वर्षी झाला. मी माळकरी घरातली आहे आणि मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. या दोन गोष्टींत मला कधीही विरोध वाटला नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे आणि लुबाडणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे, आणि त्याच कायद्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना धक्का लागणार नाही असेही स्पष्ट लिहिले आहे. कादंबरीकाराला हवी असलेली रेघ इथे आयतीच आखून मिळते. आणि हा विवेक काही बाहेरून आलेला नाही. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला हवा, असा रोखठोक सवाल तुकोबांनीच केलेला आहे. ज्या परंपरेचा मोठा संत असे विचारतो त्या परंपरेतली कथा चमत्काराच्या टेकूवर उभी करणे मला त्या परंपरेशी बेइमानी वाटते. मात्र याचा अर्थ असाही नव्हे की प्रत्येक कथेतला खलनायक भोंदू बाबाच असावा. तो आता इतका ठरून गेला आहे की भगवी कफनी दिसताच वाचक निकाल देऊन मोकळा होतो.

कादंबरीचा शेवट लग्नाने करावा असा आग्रह मला दोन-तीन जणांनी केला, आणि प्रेमकथेच्या वाचकाची ती अपेक्षा मी समजू शकते. पण माझ्या नायिकेने ज्या क्षणी दंडाधिकाऱ्यांसमोर खरे सांगितले त्या क्षणी तिने त्या घराचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केला आहे. पांडुरंगाने तो पुन्हा उघडून द्यावा असे लिहिले तर तिच्या साक्षीला काही किंमतच राहणार नाही. तो उघडायचा असेल तर त्या मृदंग वाजवणाऱ्या मुलालाच उघडावा लागेल, आणि त्यासाठी सख्ख्या भावाविरुद्ध उभे राहण्याची तयारी त्याला दाखवावी लागेल. म्हणून शेवटचे प्रकरण मी न्यायालयाच्या व्हरांड्यात ठेवले आहे. साक्षीची तारीख आहे, थोरल्या भावाची माणसे समोर उभी आहेत, तिच्या नावाचा पुकारा व्हायचा आहे, आणि त्या सगळ्यांच्या देखत तो तिच्या शेजारी येऊन बसतो की आईचा हात धरून पलीकडे थांबतो, यावरच त्यांचे लग्न होणार की नाही हे ठरते.