झुलीला मेण-डिझेल लावू नका: दर दसऱ्याला फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दसरा झाला की घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही तो मला चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे अकलूजच्या घोडेबाजाराला जाणारे. ‘थंडीआधी घोड्याची झूल घरच्या घरी धुऊन वॉटरप्रूफ करा’ असा मथळा. आत सांगितलंय ते थोडक्यात असं: झूल उकळत्या पाण्यात कपड्यांच्या पावडरीत भिजवा. गाड्या धुण्याच्या सेंटरवर नेऊन प्रेशरने मारून आणा. सोलापूरच्या उन्हात दोन दिवस तापवा, म्हणजे जंतू मरतात. मग मेणबत्त्या डिझेलमध्ये वितळवून ते मिश्रण ब्रशने लावा. विलायती रग (पाणी अडवणारी तयार झूल) नसेल तर सोलापुरी चादर तुरटीच्या पाण्यात बुडवा, ती वॉटरप्रूफ होते. नवा रग घ्यायचाच तर जास्त डेनियरचा, म्हणजे जाड धाग्याचा घ्या, त्यातून पाणी शिरत नाही. आणि एकदा झूल घातली की संक्रांतीपर्यंत काढू नका.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या प्रोसेसिंगला १८ वर्षं आहे. आजोबांचा टांगा होता, आज दारात एक घोडी आहे. म्हणजे कापड आणि घोडं या दोन्हींशी माझा रोजचा संबंध. मागच्या थंडीत आमच्या गल्लीतल्या एका घोडीच्या पाठीवर तळहाताएवढे फोड आलेले मी पाहिले. मालक प्रेमळ माणूस, त्याने हा मेसेज वाचून जीव ओतून झूल तयार केली होती. ती घोडी खरारा दिसला तरी अंग चोरायची. ते पाहिल्यापासून ठरवलं होतं की यंदा मेसेज आला की एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचं.

आधी मेण-डिझेल, कारण इजा त्यानेच होते.

मेण पाणी अडवतं, हे खरं आहे. सुती कॅनव्हासच्या जुन्या ताडपत्र्यांना मेण चोपडत असत. सुताच्या मधल्या फटी मेणाने बुजतात आणि थेंब आत जात नाही. पण त्या फटीतून आतली वाफही बाहेर पडत असते, तीसुद्धा थांबते. ट्रकमधल्या सिमेंटच्या पोत्यांना घाम येत नाही, घोड्याला येतो. सगळ्या अंगाने घाम गाळणारी जनावरं फार थोडी, त्यात घोडं आहे. चांगल्या रगच्या कापडाला आतून जो लेप असतो तो याच हिशोबाने केलेला असतो: पाण्याचा थेंब बाहेर राहावा आणि वाफ निघून जावी. त्यावर मेण थापलं की झुलीची ताडपत्री होते. बाहेरून कोरडी आणि आतून चिंब. अशा ओल्या उबेत पाठीच्या कातडीवर जिवाणू माजतात, खपल्या धरतात आणि केसांचे पुंजके खपलीसकट हातात येतात. घोडं भिजू नये म्हणून केलेल्या उपायाने ते आतून रोज भिजत राहतं.

डिझेलचं तर काय सांगू! डिझेल काय, घासलेट किंवा थिनर काय, कातडीवरचं नैसर्गिक तेल ते ओढून घेतं. उघड्यावर सांडलं तर थोडंफार उडून तरी जातं, झुलीखाली कोंडलं की कातडी भाजल्यासारखी होते. शेजारच्या घोडीचे फोड हेच होते. ‘दोन दिवस वाळवलं की वास जातो,’ असं मेसेज म्हणतो. वास कमी झाला म्हणून डिझेल गेलं असं होत नाही, त्याचा जड भाग सुतात राहतोच. शिवाय चुलीवर किंवा गॅसवर मेण आणि डिझेल एकत्र तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण, तेही कडबा आणि गवताच्या गंजीशेजारी. मेणाचं आणखी एक आहे. ते साधारण ५० ते ६० अंशांना पातळ होतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली घडी घालून ठेवलेली मेणाची झूल पुढच्या दसऱ्याला उघडून बघा. घडीला घडी चिकटलेली असते आणि सोडवताना लेप सोलून निघतो.

आता पावडर आणि उकळतं पाणी. आमच्या कामातलं एक उदाहरण देतो. मागावरून उतरलेला कोरा टॉवेल पाणी पीत नाही, कारण कापसाला स्वतःचं मेण असतं. ते काढायला आम्ही कॉस्टिक सोड्यामध्ये, गरम पाण्यात, ओलावा वाढवणारी रसायनं घालून टॉवेल उकळतो. मग त्याचा तुकडा पाण्यावर टाकून किती सेकंदांत बुडतो ते मोजतो. लवकर बुडाला तर माल पास. कपड्यांच्या पावडरीत त्याच जातीची, पाण्याला कापडात ओढणारी द्रव्यं असतात. पावडरीत भिजवलेली झूल नीट खंगाळली नाही, आणि जाड झूल घरी सहसा नीट खंगाळली जात नाही, तर ती द्रव्यं कापडातच राहतात. म्हणजे टॉवेलने पाणी प्यावं म्हणून आम्ही जे करतो, तेच हा मेसेज झुलीला करायला सांगतो. कपडे मऊ करणारं लिक्विडही नको. गरम पाण्याने आतला लेप कापडापासून सुटतो, बुडबुडे धरल्यासारखा दिसतो, आणि एकदा सुटलेला लेप परत चिकटवता येत नाही.

मग धुवायची कशी? आधी कोरडीच. वाळलेला चिखल आणि केस कडक ब्रशने झटकायचे. खरं तर निम्मं काम इथेच होतं, आणि लोक हेच टाळतात. मग हौदात किंवा मोठ्या टबात गार पाणी, फार तर कोमट, हाताला ३० अंश वाटेल इतकंच. रेनकोट-तंबूच्या कापडासाठी मिळणारं खास धुण्याचं लिक्विड थोडंसं घालायचं. ते मिळालं नाही तर नुसत्या पाण्याने धुतलेली झूल पावडरीत धुतलेल्या झुलीपेक्षा चांगली. मऊ ब्रशने शिवणीच्या दिशेने घासायचं, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. पिळायचं नाही, टांगून निथळू द्यायचं. बक्कलं आणि पोटपट्टे गंजलेत का, शिवण कुठे उसवलीय का, हे याच वेळी बघून घ्या. पाणी बहुतेक वेळा कापडातून नाही, सुईच्या भोकातून शिरतं. म्हणूनच चांगल्या रगला कण्यावरून शिवण नसते.

मग तपासा. बाहेरच्या बाजूवर तांब्याभर पाणी ओता. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर झूल ठीक आहे, तिला काही लावायची गरजच नाही. पाणी पसरून कापड गडद झालं तर वरचं पाणी झटकणारं फिनिश गेलंय. तेव्हाच तंबू-रगसाठीचा स्प्रे फक्त बाहेरून, धुतलेल्या कापडावर मारायचा. कापड ओलसर हवं की कोरडं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. शिवणीवर दोनदा. मळक्या झुलीवर मारलेला स्प्रे मळावर बसतो आणि मळाबरोबरच जातो. आपल्याकडे हे काम हस्ताच्या पावसाआधी झालेलं बरं. सोलापूरला खरा पाऊस परतीचाच. थंडीत क्वचित सर येते, पण चित्रा-स्वातीत जनावर भिजतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात जो पाऊस झाला तो कुणी विसरलं नसेल.

प्रेशरच्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही. जवळून मारलेल्या फवाऱ्याने लेप निघतो आणि शिवणी सैल होतात. लांबून, साध्या पाइपने धुवा.

‘उन्हात जंतू मरतात’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडीही आहे, त्यामुळे खोडताना जड जातं. ऊन कापड कोरडं करतं आणि कोरड्यात बुरशी वाढत नाही, एवढं खरं. पण नायट्याचे बीजाणू कापडात महिनोन्‌महिने टिकतात, दोन दिवसांच्या उन्हाने त्यांची खात्री देता येत नाही. उलट त्याच उन्हाने नायलॉनचा धागा ठिसूळ होतो आणि लेप तडकतो. झूल सावलीत, वाऱ्यावर, दोन्ही बाजू उलटून वाळवा. नायटा झालेल्या घोड्याची झूल दुसऱ्याला घालू नका. लग्नसराईत एकच मखमली झूल तीन घोड्यांवर फिरते आणि नायटा असाच पागाभर जातो. त्या जरीच्या झुलीखाली प्रत्येक घोड्याचं वेगळं सुती अस्तर ठेवलं तरी खूप फरक पडतो.

आता तुरटी आणि सोलापुरी चादर. इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या चादरीवर माझं पोट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला हा माल. पण चादर कापसाची. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, लोकर १६ च्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४. मग लोकर वाईट का? नाही. लोकर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते आणि तरी हाताला कोरडी लागते, ओलावा घेताना थोडी ऊबही देते. भिजलेला कापूस मात्र जड होतो, अंगाला चिकटतो आणि गार पडतो. भिजलेली सुती चादर घोड्यावर ठेवण्यापेक्षा उघडं घोडं बरं.

तुरटीत तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. कापड आधी साबणाच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवलं, तर साबण आणि तुरटी मिळून पाण्यात न विरघळणारा ॲल्युमिनियमचा साबण सुतावर बसतो आणि तो पाणी झटकतो. सुती तंबूंना हा उपाय पूर्वी करत, त्यातून हवाही खेळते. मेसेजने यातला साबणच गाळलाय. नुसत्या तुरटीने चादर वॉटरप्रूफ होत नाही, खरबरीत होते, आणि आंबट तुरटीची पूड घामात मिसळून कातडीला चुरचुरते. दोन्ही केलं तरी भुरभुर पाऊस थोपेल, चित्राची सर नाही, आणि दोन धुण्यांत ते उतरेल. चादर कोरड्या रात्री, छपराखाली, जरूर घाला.

आणि देशी काहीतरीच हवं असेल तर घोंगडी आहे ना! सांगोला-मंगळवेढ्याकडे धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात मेंढ्यांमागे उभा राहणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तीच पांघरत आलाय. खोगिराखाली घोंगडीची घडी तर सगळ्यांनीच पाहिलीय. ती धुवायची ती गार पाण्यात, रिठ्याने, न चोळता. गरम पाण्यात चोळली की लोकर आकसून, घट्ट गुंतून नमदा होते. मेसेजमध्ये घोंगडीचा उल्लेखही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डेनियरचा मुद्दा साधा गैरसमज आहे. ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये जितकं, तितकं त्याचं डेनियर. ६०० डेनियर म्हणजे ९००० मीटरला ६०० ग्रॅम. आकडा वाढला की धागा जाड होतो, कापड फाटायला कठीण जातं. तारेच्या कुंपणाला अंग घासणाऱ्या घोड्याला १२०० डेनियर घ्या, हरकत नाही. पाणी अडवतो तो लेप, आणि त्याचं माप वेगळं. लेबलवर ३००० मिलिमीटर लिहिलं असेल तर ३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं. विकत घेताना तो आकडा बघा, आणि वाफ बाहेर सोडतं का ते विचारा.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘संक्रांतीपर्यंत झूल काढूच नका’. सोलापुरात जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आगेमागे असतो, एखादी रात्र १० च्या खाली, आणि दुपारी ३० पर्यंत. आखूड केसांचं धडधाकट मोठं घोडं कोरड्यात, आडोशाला, ५ अंशांपर्यंत स्वतःची ऊब स्वतः राखतं. केस उभे करून त्यात हवा धरतं. पातळ झूल ते केस दाबून टाकते, म्हणून अर्धवट झूल कधीकधी उघड्यापेक्षाही वाईट. रात्रीच्या वैरणीत कोरडं गवत वाढवलं तर ते पचताना पोटात जी ऊब तयार होते ती झुलीपेक्षा भरवशाची असते. झूल लागते ती शिंगरांना, म्हाताऱ्या आणि खंगलेल्या जनावरांना, आजारातून उठलेल्यांना, केस कापलेल्यांना, आणि ओलं होऊन वाऱ्यात उभं राहावं लागणाऱ्या कुणालाही.

झूल घातलीच तर पहाटे खांद्यापाशी आत हात घाला. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट लागलं तर लगेच काढा. ऊन वर आलं की काढायचीच, खरारा करायचा, मान संपते तिथला पाठीचा उंचवटा, खांदे आणि छाती बघायची, कुठे केस घासून गेलेत का. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, पहाटे गारठा आणि दुपारी डोक्यावर ऊन अशा हवेत, सकाळी काढायची राहून गेलेली झूल घोड्याला घामाने भिजवते आणि तेच घोडं संध्याकाळी ओल्या अंगाने गारठतं.

ज्यांनी मेण-डिझेल आधीच लावलंय त्यांच्यासाठी: ती झूल आज उतरवा. कातडी लाल नसेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचं सौम्य लिक्विड घेऊन, न घासता, दोन-तीनदा धुवा. फोड, सूज किंवा हात लावताच घोडं चमकत असेल तर काहीही न लावता पशुवैद्यांना बोलवा, हळद-तेलही नको. झूल धुऊन वाचेल अशी आशा ठेवू नका, आणि ती गंजीवर झाकायलाही वापरू नका, पेट घेईल. शेजारची घोडी आता बरी आहे. फोड होते तिथे केस पांढरे आलेत, आणि यंदा तिच्या पाठीवर घोंगडी आहे.