अक्षर मोठं करू देऊ नका

वेबसाइट बांधायला घेतलीय ना? मग एक लक्षात ठेवा: तुमचे डोळे ठणठणीत आहेत, बाकीच्यांचं ते बघून घेतील.

आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिच्या लॅपटॉपवर ब्राउझरमधलं अक्षर मी 16 पिक्सेलवरून 24 करून दिलंय. असल्या लाडांना तुम्ही भीक घालू नका. सगळे आकार पिक्सेलमध्येच ठोकून बसवा. ‘रेम’ हे माप ब्राउझरमधल्या अक्षराच्या आकारावर बेतलेलं; त्यात दिलेत की तिचं सेटिंग मुकाट ऐकावं लागतं. फोनवर कोणी दोन बोटांनी पान ताणायला लागलं, तर पानाच्या कोडमधल्या व्ह्यूपोर्टच्या ओळीत ‘यूझर-स्केलेबल=नो’ लिहून टाका, ताणणंच बंद. 2016 पासून आयफोनची सफारी याला जुमानत नाही, पण अँड्रॉइडवाले आहेत की हाताशी.

रंग? पांढऱ्यावर फिका राखाडी, #999. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान 4.5:1 फरक हवा असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, सांगतात. आपला तीनलाही पोचत नाही, पण काय सोबर दिसतो! कोणी डार्क मोड लावलेला असेल, तर पान काळं करा आणि अक्षरं काळीच राहू द्या. हलणारं चित्र बघून ज्यांना गरगरतं, ते फोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ लावून ठेवतात. त्यांच्यासाठी सरकता बॅनर थोडा जोरात सोडा.

आता सरकारी थाटाची साइट असेल तर वर कोपऱ्यात अ-, अ, अ+ बटणं हवीतच. दाबल्यावर फक्त शीर्षक वाढलं तरी चालतं; टेंडरमध्ये बटणं मागितलेली असतात, ती दिली. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं कलम 21 च्या जगण्याच्या हक्कात धरलं, हे खरं. पण कोर्ट काही तुमची सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, उघडून बघत नाही.

मराठी मजकुराला तर खास वागणूक द्या. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलंत की शिरोरेषा तुटून अक्षरं वाळत घातल्यासारखी दिसतात. आणि ओळीची उंची घट्ट आवळून बाहेर येईल ते छाटायला लावलंत, की वरून रफार उडतो, खालून उकार.

परवा आई एक बिल भरत होती. तिने मला हाक मारली. “अरे, ‘मदत संपली’ म्हणतायत. मी कुठे मागितली होती?”

चष्मा लावून बघितलं. ‘मुदत’ होतं.