३ ची रांग आणि शेवटी १: खुलासा

‘१ च्या आधी कितीही वेळा ३ लिहा, मूळ संख्याच मिळते’ असा मेसेज फिरतोय. ३१, ३३१, ३३३१ करत थेट ३,३३,३३,३३१ पर्यंत हे खरं आहे. सलग सात मूळ संख्या, मोह पडणारच! पण आठवा ३ जोडला की गाडी अडते:

३३,३३,३३,३३१ = १७ × १,९६,०७,८४३

कागदावर करून बघा. सतरा त्रिक एक्कावन्न, १ लिहा, हातचे ५. सतरा चोक अडुसष्ट आणि ५ त्र्याहत्तर, ३ लिहा, हातचे ७. पुढे प्रत्येक घरात ३ च पडतो.

शिवाय सोळा वेळा ३ लिहून शेवटी १ ठेवला, तर त्या संख्येला खुद्द ३१ नेच भाग जातो. तिथून पुढेही दर पंधराव्या संख्येला जातो.