मताला बॅगेत जागा नाही

अमेरिकेची ही तुमची चौथी-पाचवी वारी. सामानाचं तुम्हाला कुणी शिकवायला नको. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी चालते. ताजा कढीपत्ता आणि आंबा चालत नाही. कढीपत्त्यावरून जाणारी एक कीड तिकडच्या संत्र्यांच्या बागा मारते, म्हणून. कस्टम्सच्या फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं खरं लिहा. लिहिलंत तर फार तर कचऱ्यात टाकतील, लपवलंत तर दंड. हे नियम जुनेच आहेत. नवं आहे ते मतांचं. राजकीय मतं या वर्षी घरीच ठेवा, शेजाऱ्यांकडे किल्ली देताना तीही देऊन टाका.

सुरुवात व्हिसाच्या अर्जापासून, म्हणजे डीएस-१६० फॉर्मपासून. गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर तुमची कुठली खाती होती, हे त्यात २०१९पासून विचारतात. त्याच साली ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदी आणि ट्रम्प या दोन नेत्यांनी हातात हात घालून फेरी मारली होती आणि तुम्ही तो फोटो ‘अभिमान’ असं लिहून टाकला होता. तो काढू नका, उपयोगी पडेल. त्याखाली २०२५च्या ऑगस्टात, भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागल्यावर, जे लिहिलंत ते मात्र स्वतःच एकदा वाचून पाहा. विमानतळावर अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासू शकतात. पासवर्ड द्यायला नकार दिला म्हणून अमेरिकी नागरिकाला देशाबाहेर ठेवता येत नाही, तुम्हाला परतीच्या विमानात बसवता येतं. म्हणून फोनमध्ये फक्त सूर्योदय, गणपती आणि ‘शुभ सकाळ’ असू द्या. त्या संदेशांचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होईल.

व्हिसाची फी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत नाही. २०२५च्या जुलैत झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरची तरतूद आहे. सगळ्या अटी पाळून वेळेत परतलात तर ती रक्कम परत मिळू शकते, असंही कायदा म्हणतो. पुण्यात घरमालकाकडे अनामत रक्कम ठेवण्याचा अनुभव असेल, तर यावर जास्त बोलायला नको.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी ‘कशासाठी आलात?’ असं विचारतील. उत्तर तीन शब्दांचं: मुलाला भेटायला आलो. पुढे काही जोडू नका. ‘सूनबाई कामावर जाते, नातवाला सांभाळायला’ हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य आहे, तिकडे ते नोकरीचं वर्णन वाटू शकतं आणि पर्यटक व्हिसावर नोकरी चालत नाही. आजीच्या मायेला कामाचा दर्जा द्यायला आपण अजून तयार नाही. त्यांचा अधिकारी एका मिनिटात देतो.

आत गेल्यावर लगेच आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, संकेतस्थळावरून उतरवून घ्या. इथे भलेभले चुकतात. व्हिसा दहा वर्षांचा म्हणून मनाला येईल तितके दिवस राहता येत नाही. कधी निघायचं ते आय-९४वरची तारीख ठरवते, साधारण सहा महिन्यांची. पासपोर्ट त्याआधी संपत असेल, तर तारीखही तिथेच थांबू शकते. ती उलटून एक दिवस जरी राहिलात, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद.

या कागदाची प्रत खिशात ठेवूनच फिरायला निघा. अठरा वर्षांवरच्या परक्याने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, हा कायदा जुनाच आहे. २०२५च्या एप्रिलपासून तिकडच्या सरकारला तो नीट आठवला आहे. कानटोपी, स्वेटर आणि पांढरे बूट घालून दुसऱ्यांच्या बंगल्यांकडे बघत रेंगाळणं ही आपली संध्याकाळ. तिथे तो संशयित इसम असतो. २०१५ साली अलाबामात मॅडिसन इथे नातवासाठी आलेल्या एका गुजराती आजोबांना पोलिसाने असंच जमिनीवर आपटलं होतं. तेव्हा राज्य ओबामांचं होतं, त्यामुळे सगळं खापर आताच्या साहेबांवर फोडू नका. साहेबांना आधीच पुष्कळ कामं आहेत.

आणि रागावू तर मुळीच नका. ‘आमच्या नोकऱ्या बाहेरचे पळवतात’, ‘इथे राहायचं तर इथली भाषा बोला’ ही वाक्यं तुम्हाला समजावून सांगावी लागत नाहीत. डोंबिवली फास्टमध्ये ती तुम्ही स्वतः म्हटली आहेत, फरक एवढाच की तिथे खिडकी तुमची होती. १ मार्च २०२५ला तिकडे इंग्रजी अधिकृत भाषा झाली. दुकानांच्या पाट्यांसाठी भांडलेल्या माणसाने खरं तर टाळी द्यायला हवी. त्याआधी फेब्रुवारीत १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. ‘बेकायदा गेले होते, भोगा’ असं तुम्ही म्हणालात. सप्टेंबरात नव्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर लागले. ते लागले कायद्याने जाणाऱ्यांना. त्या रात्री तुमच्या भाच्याने इथली सुट्टी अर्धवट टाकून परतीचं तिकीट शोधलं, तेव्हा मात्र तुम्ही ‘अन्याय’ हा शब्द वापरलात. तो बॅगेतून काढा, जड आहे.

आंब्याचं उदाहरण समोर ठेवा. २०२५च्या मे महिन्यात मुंबईहून कीड मारायला विकिरण करून गेलेल्या पंधरा खेपा अमेरिकेने नाकारल्या. फळात कीड नव्हती, कागदात चूक होती. परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असा पर्याय मिळाला. विमानभाडं पाहून व्यापाऱ्यांनी नष्ट केले. एकाही आंब्याने तक्रार केली नाही.

फिरण्याचा खर्च आधी मुलाला विचारून घ्या. १ जानेवारी २०२६पासून ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी धरून अकरा राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा आहेत. मोफत प्रवेशाचे दिवस आहेत, पण ते रहिवाशांना. त्यात १४ जून आला आहे. तो ध्वजदिन, आणि ट्रम्प यांचा वाढदिवसही. दरीपाशी उभं राहून डॉलरचे रुपये करू नका. दरी तेवढीच खोल राहते.

मुलाच्या मित्रांकडे जेवायला गेलात, तर बोलायला विषय दोन: हवा आणि घरांचे हप्ते. एका सोफ्यावर ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभा असलेला आणि त्याच्या शेजारी नागरिक होऊन ‘सीमा बंद करा’ म्हणणारा, दोघेही तुमच्याच शाळेतले असतात. तुम्ही श्रीखंडाचं कौतुक करा.

निघताना विमानतळावर तुमचा फोटो काढतील, येताना काढतात तसाच. मान सरळ, चष्मा काढून. परत आल्यावर कट्ट्यावर सगळे विचारतील, काय म्हणते अमेरिका? सांगा, सहा महिन्यांत एकदाही हॉर्न ऐकला नाही.